विश्लेषण : वस्तीवरच्या मोकळ्या कुत्र्याला ‘परत ये’ शिकवणे का गरजेचे?

शेतावरचा कुत्रा दिवसभर साखळीला बांधला तर राखण होत नाही आणि मोकळा सोडला तर तो वाहनांमागे, उसात किंवा दुसऱ्याच्या शेळ्यांमागे धावतो. यावरचा उपाय साखळीपेक्षा शिकवणीत आहे. त्यासाठी फक्त भाकरीचे तुकडे, एक लांब दोरी आणि रोजची काही मिनिटे लागतात.

धोका नेमका कशाचा?

पहिला धोका रस्त्याचा. मोटारसायकलमागे धावण्याच्या सवयीत कुत्रा आणि दुचाकीस्वार दोघांचाही जीव जाऊ शकतो. दुसरा विषाचा : उंदीर किंवा रानडुकरांसाठी ठेवलेले आमिष कुत्रा सहज खातो. तिसरा सापाचा आणि चौथा बिबट्याचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला. रात्री उघड्यावर असलेला कुत्रा बिबट्याला थेट अंगणापर्यंत आणू शकतो. त्यामुळे हा प्रश्न घरातल्या मुलाबाळांच्या सुरक्षिततेचाही आहे.

सुरुवात कशी करायची?

बोलावण्याचा एकच शब्द ठरवावा आणि घरातील सर्वांनी तोच वापरावा. दिवसभर ‘यू यू’ करून विनाकारण हाक मारली, तर कुत्रा ती कानाआड करू लागतो. जेवणाआधी, तो भुकेला असताना पाच मिनिटे सराव घ्यावा. हाक मारायची, आला की लगेच भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा, गळ्यातला पट्टा हाताने धरायचा आणि पुन्हा मोकळे सोडायचे. हे शेवटचे पाऊल महत्त्वाचे. ‘गेलो की बांधतात’ हे एकदा लक्षात आले, की कुत्रा जवळ येणे टाळतो.

दोरी कशासाठी?

ओट्यावर जमले की अंगणात, मग बांधावर सराव न्यावा. तिथे 25-30 फुटांची दोरी पट्ट्याला लावावी. हाक ऐकूनही तो आला नाही, तर ओरडण्याऐवजी दोरीने हळूच जवळ घ्यावे आणि तरीही खाऊ द्यावा. कोंबड्या, शेळ्या, जाणारी दुचाकी यांच्यासमोर सराव करताना तो पळायला लागण्याआधीच, म्हणजे कान टवकारताच हाक मारावी. एकदा पाठलाग सुरू झाला की हाक ऐकू येऊनही उपयोग होत नाही. कारवान हाउंडसारख्या नजरेने शिकार करणाऱ्या वेगवान जातींत तर हे अधिकच खरे. अशा कुत्र्यांना रस्त्यालगत दोरीशिवाय सोडू नये.

कोणती चूक सर्वाधिक नडते?

उशिरा परतलेल्या कुत्र्याला मारणे. मालकाला वाटते, पळून गेल्याची शिक्षा दिली. कुत्रा मात्र शिकतो, की परत आल्यावर मार बसतो.

‘सोड’ हा शब्द का शिकवावा?

मुठीत तुकडा धरून कुत्र्यासमोर न्यावा. तो हुंगणे थांबवून मागे सरला, की ‘सोड’ म्हणून दुसऱ्या हातातला तुकडा द्यावा. पुढे जमिनीवर पडलेल्या वस्तूंसोबत हाच सराव करावा. आमिष किंवा साप समोर आला, तर हा शब्द जीव वाचवू शकतो. तरीही साप चावला किंवा विष पोटात गेले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाकडे न्यावे.

शिकवणी पुरेशी आहे का?

नाही. बिबट्याच्या भागात रात्री कुत्रा छत असलेल्या, चारही बाजूंनी बंद खोपट्यात किंवा जाळीत हवा. उघड्यावर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस आणि नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित मात्रा द्यावी. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. नसबंदीमुळे मादीच्या शोधात नराचे दूरवर भटकणेही कमी होते.

किती दिवस लागतात?

ते कुत्र्याच्या वयावर आणि सवयींवर अवलंबून असते. पिल्लू लवकर शिकते, मोठा कुत्रा सावकाश, पण शिकतो. दहापैकी नऊ हाकांना तो धावत येऊ लागला, तरच दोरी काढावी. बिघडला तर पुन्हा अंगणापासून सुरुवात करावी.