एका ट्रेला चार चमचे

दहिवडीतल्या एका बेकरीत खारी-टोस्टच्या शेजारी, काचेच्या कपाटात हनी केक मांडलेला असतो. वर लालभडक जॅम, त्यावर खोबऱ्याचा कीस. माण तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखात मधाच्या नावाचं गोड इतकं खपतं, तर त्यात मध किती आणि कुठला, हे बघायला मालकांना विचारून मी पहाटे मागच्या भट्टीपाशी जाऊन बसलो.

कारागीर कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याचा. गावोगावी अय्यंगार बेकऱ्या काढणारी बरीच मंडळी तिथलीच. इथं सगळे त्याला अण्णा म्हणतात. मिश्रण फेटलं, ट्रे भट्टीत गेले, निघाले, गार झाले. खरी कलाकुसर त्यानंतरची. अण्णाने स्पंजची तपकिरी साल सुरीने अलगद उतरवली, साखरेचा पाक कोमट झाला का हे बोट बुडवून पाहिलं आणि मगच मधाची बाटली उघडली.

"गरम पाकात घातला तर वास जातो. एका ट्रेला चार चमचे."

मध पाकात उतरला तसा भट्टीचा धगधगीत वास मागे सरला आणि मोहोळाचा गोडसर, किंचित तुरट वास आला. अण्णाने आधी कडांवर पाक सोडला, कारण कोरड्या राहतात त्या कडाच. मग मध्यावर. वर जॅम फासला, खोबरं भुरभुरलं आणि तो वास गेला. दिवसभर मी तोच हुडकत होतो.

जर्मनीतला लेबकुखन, रशियातला मेदोविक, ज्यूंचा नववर्षाचा केक यांत मध पिठातच मिसळतात. बंगळूरकडच्या बेकऱ्यांनी मध वरून, पाकातून दिला. केक मऊ झाला, स्वस्त झाला आणि मध नावापुरता उरला.

दुपारी एका म्हाताऱ्या मेंढपाळाने तुकडा खाल्ला. "ग्वाड हाय, पर मोहोळाचा वास न्हाई." अण्णाने मान डोलावली. चार चमच्यांत वास कुठून येणार?

आणि ती बाटलीही परराज्यातली. माणमध्ये वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, तर याच सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरात ५,००० मिलिमीटरच्या वर. तिथल्या रानात जांभळाचा, हिरड्याचा मध निघतो. खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथंच आहे. जवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं.

मध परवडत नाही, असं बेकरीवाले म्हणतात. मी अण्णाबरोबर हिशेब मांडला. आणखी चार मोठे चमचे म्हणजे साधारण ८० ग्रॅम. किलोला ५०० रुपये धरले तर ४० रुपये. ट्रेचे तुकडे ४०. म्हणजे तुकड्यामागे रुपया. माणच्या बेकरीवाल्यांनी मध मांघरचा घ्यावा, चाराचे आठ चमचे करावेत आणि तो रुपया खुशाल गिऱ्हाइकाकडून घ्यावा.