तारा नव्हे, दीर्घिका

आकाशात सरठ नावाचा एक अंधुक तारकासमूह आहे. सरठ म्हणजे सरडा. १९२९ साली कुनो हॉफमाइस्टर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला त्यात तेज बदलणारा एक ठिपका आढळला. तेज बदलणारे तारे पुष्कळ असतात. हाही त्यांपैकीच एक समजून त्याला बी. एल. लॅसर्टी असे नाव मिळाले. (सरडा रंग बदलतो, हा तेज बदलतो!) १९६८ साली त्याच जागेवरून रेडिओलहरी येत असल्याचे ध्यानात आले. १९७४ साली अंतर मोजले गेले. ते निघाले सुमारे ९० कोटी प्रकाशवर्षे. म्हणजे हा तारा नव्हताच. ते एका दूरच्या दीर्घिकेचे केंद्र होते.

या केंद्राचे तेज काही तासांतही कमीजास्त होते. आता, दुर्बिणीतूनही जो नुसता ठिपका दिसतो, तो केवढा आहे हे कसे ओळखावे?

ईदगाहवरची मोठी जमात आठवा. ध्वनिक्षेपक नसेल, तर इमामसाहेबांची तकबीर मुकब्बिर मागे पोचवतो. शेवटच्या सफा थोड्या उशिराच झुकतात. उलट सगळे एकदम झुकले, तर जमात लहान आहे हे लांबूनही कळते. येथेही तसेच आहे. प्रकाशापेक्षा वेगाने कोणताही निरोप जात नाही. प्रकाश तासाभरात १०८ कोटी किलोमीटर जातो. म्हणून ज्याचे तेज तासाभरात ठळकपणे बदलते, ते क्षेत्र साधारण तेवढेच असणार. सूर्यापासून शनीसुद्धा याहून दूर आहे! केंद्रातून निघालेला झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने आपल्या रोखाने येतो, त्यामुळे हा हिशोब काही पटींनी वाढवावा लागतो. तरी एवढ्या मोठ्या दीर्घिकेत ते क्षेत्र कणभरच ठरते.

दुसरा पुरावा ध्रुवणाचा. साध्या प्रकाशलहरीची कंपने अनेक दिशांनी होतात. ध्रुवित प्रकाशात ती मुख्यतः एकाच दिशेने होतात. ताऱ्यांचा प्रकाश जवळजवळ अध्रुवित असतो. लॅसर्टीच्या झोतात मात्र इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेतात, आणि त्यांच्यापासून निघणारा प्रकाश ध्रुवित असतो. क्षेत्राच्या रेषा विस्कटलेल्या असल्या की ध्रुवण घटते, शिस्तीत असल्या की वाढते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते सुमारे ४७ टक्क्यांवर गेले होते.

२००५ साली तर ध्रुवणाची दिशा पाच दिवसांत सुमारे २४० अंशांनी फिरली. झोतातील चुंबकीय क्षेत्र स्प्रिंगसारखे पिळलेले असावे, असे अनुमान शास्त्रज्ञांनी त्यावरून काढले.