हवापालट वेगळा, बिऱ्हाड वेगळे

मे महिना उतरणीला लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. महाबळेश्वरला आठ दिवस राहून आलेली मंडळी खुशीत सांगतात, "डॉक्टर, तिकडे दमा नाही, गुडघे नाहीत, साखरसुद्धा उतरली. आता इथले घर विकून तिकडेच राहावे म्हणतो." आपल्या सोलापूरच्या उन्हात हा विचार सुचणे अगदी साहजिक आहे. परवा एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हेच विचारले. सरांना मधुमेह आणि रक्तदाब, बाईंना वीस वर्षांचा दमा. फक्त इसार द्यायचा बाकी होता.

मी म्हणालो, "सर, इसार पंधरा ऑगस्टनंतर द्या."

त्यांना ती थट्टा वाटली. पण आधी साखर का उतरली ते पाहू. सुटीत माणूस सकाळ-संध्याकाळ चालतो, पोटभर झोपतो, घरातल्या कटकटी मागे ठेवून जातो. साखर आणि रक्तदाब यांना हे लगेच मानवते. श्रेय मात्र हवेला मिळते! तिथे कायमचे राहायला गेलात की विजेचे बिल, गळके छप्पर आणि शेजाऱ्याशी कुरबूर हेही सोबत येणारच.

उंचीची भीती फारशी नको. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने साधारण १५ टक्के कमी असतो. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. फुप्फुसे किंवा हृदय आधीच थकलेले असेल त्याला मात्र चढावर धाप लागते. आणि तिथे चढ टाळता येत नाहीत.

खरा प्रश्न पावसाचा आहे. आपल्याकडे वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत पर्यटक ज्याला धुके म्हणून टाळ्या पिटतो, ते तिथल्या रहिवाशाच्या गादीत, उशीत, कपाटात शिरते. ओलसर हवेत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात, भिंतींवर बुरशी चढते. दमेकऱ्याला त्रास देणाऱ्या गोष्टींत हे दोन्ही वरच्या क्रमांकाचे. डोंगरावरची हवा दम्याला चांगली, हा समज स्वित्झर्लंडमधल्या दावोससारख्या कोरड्या आणि बऱ्याच उंच ठिकाणांवरून आला. तिथे हे किडे फारसे तग धरत नाहीत. सह्याद्रीच्या माथ्याला तो हिशेब लावता येत नाही.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. माझ्या आईला दमा होता. दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही तिला तिकडे नेत असू आणि ती अक्षरशः फुलून येई. एका वर्षी, मी स्वतः डॉक्टर असूनही, तिला जूनमध्येच खोली घेऊन दिली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता तिला घाटातून खाली आणावे लागले. समोर दहा फुटांवरचे दिसत नव्हते. तिच्या छातीतली शिट्टी मला गाडीच्या आवाजावरही ऐकू येत होती. ती वाचली, पण पुढे कधी महाबळेश्वरचे नाव काढले नाही, आणि मला बोलही लावला नाही.

काहीजण पाचगणीचा दाखला देतात. तिथे पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी, हे खरे. १९१२ पासून तिथे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते, हेही खरे. पण स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. त्याआधी विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा यांखेरीज हातात होते काय? आज क्षय गोळ्यांनी बरा होतो, पत्ता बदलून नव्हे.

दुसरी गोष्ट अंतराची. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली तर ती शक्यतो दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टीने उघडावी लागते. तेवढ्यात पोहोचणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे लागते. सातारा तिथून सुमारे ५५ किलोमीटर, तेही घाटाचे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा दरडींनी आंबेनळी घाट बंद झाला होता. म्हणून घराचा भाव विचारण्याआधी विचारा की रात्री ईसीजी कोण काढील, ते इंजेक्शन जवळ कुठे मिळेल आणि रुग्णवाहिका किती वेळात येईल.

जाता जाता एक. इन्सुलिनची काळजी तिथे कमी, कारण हवा थंड असते. साखर तपासण्याच्या पट्ट्या मात्र दमटपणाने बिघडतात आणि चुकीचा आकडा दाखवतात. डबीचे झाकण घट्ट लावा.

सरांना मी सुचवले की घर विकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर भाड्याने राहा. रोजचा रक्तदाब वहीत लिहा. बाईंनी फुंकर मारून श्वास मोजायची नळी, म्हणजे पीक फ्लो मीटर, सकाळ-संध्याकाळ वापरावी. आकडा नेहमीच्या ८० टक्क्यांखाली सतत राहू लागला तर महिना पुरा करायचा हट्ट धरू नये, खाली यावे. पंप आणि औषधे दुप्पट न्यावीत.

सर वहीत टिपत होते. बाई इतका वेळ गप्प होत्या. उठताना म्हणाल्या, "डॉक्टर, एवढ्या पावसात तिथल्या बायका पापड वाळवतात तरी कुठे?"