तासगाव: सात मजली गोपुर आणि द्राक्षांचं गाव

सांगलीपासून तासाभराच्या आत तासगाव येतं आणि गावात शिरताच सात मजली गोपुर दिसतं. दक्षिणेतल्या मोहिमांवर गेलेले पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांनी तिथली देवळं पाहिली आणि तसंच गोपुर इथे उभारलं. बांधकाम 1779 ला सुरू झालं. आत उजव्या सोंडेचा गणपती आहे. ऋषिपंचमीला त्याचा उंच लाकडी रथ भाविक दोरांनी ओढतात. महाराष्ट्रातल्या रथोत्सवांत मला हाच सगळ्यांत देखणा वाटतो.

दुसरी ओळख द्राक्षांची. ‘तास-ए-गणेश’ हे वाण याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे या शेतकऱ्याने थॉमसन सीडलेसमधून निवडलं. प्रयोगशाळेत नव्हे, बागेत! इथल्या बऱ्याच द्राक्षांचा बेदाणा होतो: घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सुकवतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. शेजारच्या पलूसला वाइन पार्क झाला, पण इथलं खरं अर्थकारण बेदाण्याच्या सौद्यांवरच चालतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये या, म्हणजे भरलेल्या बागा आणि बेदाण्याच्या शेड दोन्ही पाहायला मिळतील. बागेत जाताना मालकाला आधी विचारा.