शेवटच्या मोळीला लाल पट्टी

दिवाळी सरते, कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि आमच्या बारामती–इंदापूर रस्त्याचं रात्रीचं रूप पालटतं. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, शेटफळगढे. दोन तालुक्यांत एवढे कारखाने आणि प्रत्येकाच्या काट्याकडे निघालेला ऊस. ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, जुगाडं, बैलांच्या टायरगाड्या. मी बारामती आगारात एस.टी. चालवली. आता निवृत्त होऊन सणसरजवळ रस्त्याच्या कडेलाच राहतो. थंडीत काळजी घ्या म्हटलं की लोकांना स्वेटर आणि कानटोपी आठवते. मला आठवते ती अंधारात, बिनदिव्याची, पंक्चर होऊन उभी राहिलेली ट्रॉली.

रात्रीच का वाहतात ऊस, असं शहरातले पाहुणे विचारतात. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकं त्याचं वजन घटतं आणि साखरेचा उतारा कमी होतो, म्हणून तो लवकरात लवकर गव्हाणीत पडायला हवा. कारखाना चोवीस तास चालतो. टोळी पहाटे फडात उतरते, दिवसभर तोडणी होते, मोळ्या बांधून ट्रॉली भरेपर्यंत अंधार पडतो. पुढं यार्डात नंबर लागतो. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर, त्यामुळे रिकामी झालेली ट्रॉली लगेच परत फडाकडं पळते. माझ्या मते ही रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची. भरलेली जड असते, सावकाश जाते, निदान आवाज करते. रिकामी उड्या मारत, या अंगावरून त्या अंगावर झुलत येते.

आता रस्त्याचं. संत तुकाराम महाराजांचा पालखी मार्ग रुंद झाला आणि बारामतीवरून काटेवाडी, बेलवडी, निमगाव केतकी करत इंदापूर गाठणं सोपं झालं. मोटारी ऐंशी-नव्वदनं जातात. बैलगाडी मात्र तिच्याच चालीनं चालते, सेकंदाला जेमतेम एक मीटर. ऐंशीच्या वेगानं येणारी मोटार सेकंदाला बावीस मीटर कापते. डिपरवर टाकलेल्या दिव्याचा उजेड चाळीस-पन्नास मीटर पोचतो. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे तिथंच तीसेक मीटर संपले. गाडी पुरती थांबायला त्यापुढं आणखी पस्तीस-चाळीस मीटर लागतात. वजाबाकी ज्यानं त्यानं करावी. चालक कितीही तरबेज असो, न दिसणाऱ्या ट्रॉलीमागं तो वेळेवर थांबू शकत नाही.

ट्रॉली दिसत का नाही, हे जवळ जाऊन पाहण्यासारखं आहे. ट्रॉलीला मागं दिवे असतात, नाही असं नाही. पण ऊस भरताना मोळ्या मागच्या फळकुटाच्या बाहेर हात-दोन हात लोंबतात आणि वाढ्यांसकट दिव्यांवर येतात. दिवा असलाच तर पाचटाआड जातो. फडातला चिखल उडून नंबरप्लेट, रिफ्लेक्टर सगळं एकरंगी होतं. वाळलेलं पाचट उजेड परत फेकत नाही, त्यामुळे समोरच्याला रस्ता मोकळाच वाटतो. त्यात दुसऱ्या बाजूनं एखादी गाडी अप्परवर आली की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही.

डिसेंबर-जानेवारीत भर पडते धुक्याची. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, भिजवलेले उसाचे फड, नीरा आणि भीमा या नद्या, वर भिगवण-पळसदेवकडं उजनीचं पसरलेलं पाणी. हवेत ओल आहेच. आभाळ निरभ्र असलं, वारा पडला की जमीन रात्रीतून झपाट्यानं थंड होते आणि जमिनीलगतच्या ओलीचं धुकं होतं. ते सगळीकडं सारखं नसतं. माळावर लख्ख असतं आणि ओढ्याच्या पुलावर उतरलं की बॉनेटपुढचं दिसत नाही. नव्या पोरांना मी एक सांगतो. धुक्यात अप्पर मारायचा नाही. तो उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. डिपर ठेवायचा, वेग निम्म्यावर आणायचा, डाव्या कडेची पांढरी पट्टी धरायची. आणि अगदीच दिसेनासं झालं तर रस्त्यावर थांबायचं नाही, ढाबा किंवा पंप बघून आत घ्यायचं.

ट्रॅक्टरवरच्या टेपबद्दल लोक फार चिडून बोलतात. एवढा मोठा आवाज की मागून हॉर्न दिला तरी चालकाला ऐकू जात नाही, हे खरंच आहे. गेल्या हंगामात चौकात थांबलेल्या एका पोराला मी म्हणालो, "बाबा, जरा बारीक कर की." बीडकडचा असावा, विशीतला. म्हणाला, "काका, टेप बंद केला की झोप लागतीय. दोन रात्री झाल्या नीट पडलोच न्हाई." त्याच्याशी काय भांडायचं? तेव्हापासून आमच्या चौकातल्या मंडळाच्या पोरांनी रात्रीचा चहा सुरू केला. ट्रॅक्टर कडेला घ्यायला लावायचा, चालकाला खाली उतरवायचं, तोंडावर पाणी मारायला सांगायचं, चहा द्यायचा. तो चहा पितो तेवढ्यात दोघंजण टॉर्च घेऊन ट्रॉलीला चक्कर मारतात.

या चकरेत खरं काम होतं. रेडियमची पट्टी मागं लाल, पुढं पांढरी आणि बाजूला पिवळी लावायची. बाजूची पट्टी लोक विसरतात. दोन ट्रॉल्यांची ती लांबच लांब गाडी फडाच्या वाटेनं वळून रस्ता ओलांडते तेव्हा अख्खा रस्ता अडवते आणि येणाऱ्याला दिसते ती तिची बाजूच. धुळीवर, ग्रीसवर पट्टी टिकत नाही. आधी साबणाच्या पाण्यानं पत्रा धुवायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा, मग पट्टी लावून अंगठ्यानं कडा दाबत जायचं. पण मागच्या फळकुटावर कितीही रेडियम लावलं तरी वरून ऊस लोंबला की ते झाकतं. म्हणून पोरांनी दुसरं केलं. गोणपाटाच्या हातभर पट्टीवर लाल रेडियम शिवून घेतलं, दोन्ही टोकांना सुतळी लावली. ट्रॉली भरून झाली की ही पट्टी सगळ्यात बाहेर आलेल्या शेवटच्या मोळीला बांधायची. यार्डात मोळी काढायच्या आधी पट्टी सोडायची आणि सीटखाली ठेवायची. खर्च म्हणाल तर नावाला. लांबून ती पट्टी दिसते तेव्हा मला स्वतःला हायसं वाटतं.

बैलगाड्यांना बॅटरी नसते, दिवा नसतो. तिथं साट्याच्या मागच्या आडव्या लाकडाला आणि बैलांच्या शिंगांना रेडियम लावतो. गाडीवान आधी कुरकुरतात, बैल बुजेल म्हणतात. बैल बुजत नाही.

ट्रॉली बंद पडली तर टायरला दगड लावतात, मागं झाडाची फांदी टाकतात. काम झालं की ट्रॅक्टर निघून जातो आणि दगड रस्त्यातच राहतात. त्यांच्यावरून दुचाकी उडते. आमच्याकडं पहाटे फिरायला जाणारी मंडळी आता ते दगड उचलून कडेला टाकतात. पण पहाटेपर्यंत वाट कशाला बघायची? ज्याला रात्री दिसले त्यानंच उचलावेत, एवढं माझं सांगणं आहे.

ऊसतोडीला आलेली माणसं चार-पाच महिने आपली शेजारी असतात, हेही बोललं पाहिजे. त्यांच्या कोप्या पाचटाच्या, वरून प्लॅस्टिकचा कागद. रात्री गारठा वाढला की दारातच शेकोटी पेटते. वाऱ्यानं ठिणगी उडाली तर कोपी क्षणात पेट घेते, आणि आई-बाप फडात असतील तर आत लेकरंच असतात. शेकोटी वाऱ्याची दिशा बघून लांब करावी, झोपण्याआधी पाण्यानं विझवावी, जवळ एक पिंप भरलेलं असावं. कुडाभोवतीचं सुकं पाचट रोज लोटून टाकावं. गावातल्या बायांनी जुनी घोंगडी, स्वेटर नेऊन दिले तर लेकरांना शेकोटीला चिकटून बसायची गरज कमी पडते. आमच्याकडं संक्रांतीचं वाण काही जणी कोप्यांवर नेऊन देतात. मला ते फार चांगलं वाटतं.

थंडीत शेतात जपायचं ते घोणस या विषारी सापाला. घोणशीचा मीलनकाळ थंडीतलाच. या दिवसांत ती जास्त हिंडते आणि ऊस तोडला की तिचा आडोसा जातो. रात्रीच्या लाइटवर गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्यानं गमबूट आणि बॅटरी घेतल्याशिवाय बांधावर पाय ठेवू नये. कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार आला की आहे तिथं थांबावं, उजेड टाकावा, मागं यावं. दंश झालाच तर कापायचं नाही, दोरी आवळायची नाही, चोखायचं नाही, देवऋषाकडं जायचं नाही. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष हाच उपाय, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ते एकच चालतं.

पुन्हा रस्त्याकडं येतो. अपघात दिसला तर थांबायला लोक अजून घाबरतात. पोलिसांचा ससेमिरा मागं लागेल म्हणतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. १०८ ला फोन लावला की रुग्णवाहिका येते, ११२ ला पोलीस. फोनवर "रोडवर अपघात झालाय" एवढंच सांगू नका. काटेवाडीच्या पुढं की अलीकडं, बारामतीकडं जाणारी बाजू की इंदापूरकडची, जवळ कोणतं मंदिर, कोणता पंप, हे सांगा. आणि मदत येईपर्यंत आपली गाडी मागं लांबवर, चारी इंडिकेटर लावून उभी करा, म्हणजे मागून येणारा त्याच जागी आदळणार नाही.

यंदा आमच्या चौकात ट्रॉल्यांचं काम बऱ्यापैकी झालं. बैलगाड्यांचं निम्मंही झालेलं नाही, कारण त्या मुख्य रस्त्यावर कमी येतात, कालव्याच्या कडेनं, आडवाटेनं जातात. तिथं पोचायला त्या त्या वस्तीवरचीच माणसं हवीत. बेलवडी, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, कुठल्याही वस्तीवर चार पोरं तयार असतील तर रेडियमचे रोल आणि शिवलेल्या पट्ट्या द्यायला आम्ही तयार आहोत. लावायचं कसं, ते एका संध्याकाळी येऊन मी स्वतः दाखवीन.