अनेक हातांची एक गोधडी

गोधडी तुम्हा सर्वांच्या परिचयाची आहे. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून आजी ती टाके घालून शिवते. शिवणारा हात एकच असल्यामुळे एखादे ठिगळ वाकडे निघाले तरी शेजारचे त्याला सांभाळून घेते. पण समजा, एकमेकांना कधीही न भेटलेल्या हजारो माणसांनी आपापल्या घरी एकेक तुकडा शिवला, तर ते सर्व तुकडे एकमेकांना नीट बसतील का?

असे खरोखर घडले आहे. एड्स या रोगाची पहिली नोंद १९८१ मध्ये अमेरिकेत झाली. पुढील काही वर्षांत त्याने हजारो तरुणांचे बळी घेतले. रोग्यांविषयीचा तिरस्कार इतका होता, की मृत्यूचे कारण लपविले जाई. काहींना धड अंत्यविधीही लाभला नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका मोर्चात मृतांची नावे लिहिलेले फलक एका इमारतीच्या भिंतीवर चिकटविण्यात आले. ती भिंत क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला गोधडीसारखी भासली. त्या कल्पनेतून स्मृतिगोधडी तयार झाली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी ती वॉशिंग्टन येथे प्रथम अंथरली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. आज सुमारे ५०,००० आहेत.

हे जमले कसे? नियम मोजकेच होते. तयार तुकडा ३ फूट रुंद व ६ फूट लांब हवा, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. कडा दुमडण्यासाठी चहूबाजूंनी २ ते ३ इंच कापड जादा ठेवायचे. कापड मध्यम जाडीचे, न ताणले जाणारे निवडायचे. आत नाव कसे लिहावे, कोणते रंग वापरावेत, हे ज्याच्या त्याच्या मनावर.

या मापातली गंमत पाहा. लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट आहे. म्हणून दोन तुकडे शेजारी ठेवले की ६ फुटांचा चौरस होतो, मग ते उभे असोत वा आडवे. असे चार चौरस, म्हणजे आठ तुकडे, जोडले की १२ फुटांचा मोठा चौरस तयार होतो. प्रदर्शनात हे मोठे चौरस अंथरताना मध्ये चालण्यासाठी वाटा सोडतात. त्यामुळे एका चौरसातली चूक पुढे सरकत नाही.

चूक पुढे सरकणे म्हणजे काय? आपण आपल्या वर्गाचीच गोधडी करू. ३६ विद्यार्थी, प्रत्येकाचा ३० सेंटिमीटरचा चौरस. एका ओळीत सहा, अशा सहा ओळी. शिवणीसाठी प्रत्येक बाजूला १ सेंटिमीटर जादा हवे, म्हणून कापड ३२ सेंटिमीटरचे कापायचे. या जादा कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात.

आता एका ओळीतल्या सहाही जणांनी शिवण फक्त २ मिलिमीटर आत घातली असे समजा. प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी मिळून ४ मिलिमीटरने लहान होईल आणि सहा तुकड्यांची ओळ २४ मिलिमीटरने आखूड पडेल. शेजारची ओळ अचूक असेल, तर दोन्ही जोडताना चुण्या पडणारच.

पण सर्वच ३६ जणांनी तीच चूक केली असती तर? गोधडी थोडी लहान झाली असती, पण बसली मात्र व्यवस्थित असती! म्हणजे येथे अचूकतेपेक्षाही एकसारखेपणा महत्त्वाचा. म्हणून प्रत्येकाने आपापल्या पट्टीने मोजू नये. जाड पुठ्ठ्याचा एकच नमुना कापावा आणि सर्वांनी तोच कापडावर ठेवून आखावे.

आणखी काही गोष्टी सांभाळा. सुती कापड आधी धुऊन वाळवा. विणताना ताणलेले धागे पाण्यात सैल पडतात व कापड आटते. ते कापण्यापूर्वीच आटलेले बरे. नमुना कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना समांतर ठेवा. तिरपे कापलेले कापड ताणते. कोपरे गुण्याने तपासा. शिवाय दोन्ही कर्ण मोजा. ३२ सेंटिमीटरच्या चौरसाचा कर्ण सुमारे ४५.३ सेंटिमीटर भरला पाहिजे; पायथागोरसच्या सिद्धांताने पडताळून पाहा. चारही बाजू समान असूनही कर्ण असमान निघाले, तर तो चौरस नव्हे, नुसता समभुज चौकोन. शेवटी आधी ओळी शिवा, त्यांची लांबी जुळवून घ्या आणि मगच ओळी एकमेकींना जोडा.

स्मृतिगोधडीत मुलासाठी आईने शिवलेला तुकडा आहे, तसाच मित्रासाठी मित्राने शिवलेलाही. कित्येकांनी त्याआधी सुई हाती धरली नव्हती. एकाचा टाका दुसऱ्यासारखा नाही, तरी कडा मात्र जुळतात. कारण माप सर्वांचे एक होते आणि त्या मापाच्या आत प्रत्येकाला आपल्या माणसाचे नाव आपल्या पद्धतीने लिहिण्याची मुभा होती.

तुमच्या वर्गाच्या गोधडीवर काय असावे, ते तुम्ही ठरवा. नमुना मात्र एकच कापा.