घाटरस्त्यासाठी टॉर्क कन्व्हर्टर
हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली ज्याच्या मूलतत्त्वाचे पेटंट घेतले, तो टॉर्क कन्व्हर्टर जुन्या शक्तिशाली मोटारीसाठी निवडताना केवळ अश्वशक्ती नव्हे, तर कॅमशाफ्टची घडण, मागील आसाचे गुणोत्तर, गाडीचे वजन आणि ती ज्या मुलखात धावणार तेथील रस्ता, हा सारा तपशील पाहणे अगत्याचे आहे. पांढुर्ण्याकडून सौंसरमार्गे छिंदवाड्यास जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. अशा चढणीवर स्टॉल स्पीड, म्हणजे चाके रोखली असता इंजिन गाठू शकते ती फेऱ्यांची मर्यादा, फाजील उंच असेल तर कन्व्हर्टर सतत घसरून तेल तापवतो, आणि स्वयंचलित गिअरपेटीचा घात बहुधा या उष्णतेनेच होतो. म्हणून इंजिनाचा जोर जेथे भरू लागतो त्याच्या किंचित वरचाच स्टॉल स्पीड पत्करावा, आणि तेलाच्या स्वतंत्र कूलरची तजवीज, वैशाखातले इकडचे ऊन ध्यानी घेता, कन्व्हर्टर बसवण्याआधीच करावी.